वन्संचं ‘नंतर’

माझ्या नणंदबाईंना ऑफिसात सगळे ‘उजवी’ म्हणत. एका मोठ्या विमा कंपनीच्या टेलिफोन बोर्डासमोर दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या उजव्या खुर्चीवर त्या एकतीस वर्षं बसल्या. डाव्या खुर्चीवर त्यांची मैत्रीण बसे. ती जन्मापासून आंधळी. तिचं नाव अर्थातच ‘डावी’. चार मजल्यांच्या त्या कंपनीत दोघींची खरी नावं फक्त पगारपत्रकात उरली होती. साहेबमंडळीसुद्धा फोन उचलून आधी विचारत, डावी की उजवी? आणि ओळखण्यात चूक झाली की हवा तो नंबर त्यांना जरा उशिरानेच मिळे.

मी मात्र त्यांना वन्सं म्हणायची. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी धाकट्या, पण नणंदेचा मान म्हणून मी त्यांना आयुष्यभर अहो-जाहो केलं आणि त्यांनी मला अगं-तुगं. त्यांनी लग्न केलं नाही. माझे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी दूर गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. मधल्या बोळात एका उंच स्टुलावर घरचा जुना, वायरचा फोन होता आणि शेजारी एक खुर्ची. दर रविवारी सकाळी अकरा वाजता तो वाजे. डावीचा फोन.

डावीला तिच्या भाच्याने निवृत्तीनंतर आपल्या गावी नेलं होतं. सात तासांचा प्रवास, त्यामुळे भेटी बंदच. रविवारचा तासभर हीच त्यांची भेट. बोलायची ती मुख्यतः डावीच. वन्संच्या कानाला लावलेल्या रिसीव्हरमधून तिचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. भाचेसुनेची गाऱ्हाणी, जुन्या ऑफिसातलं कोण गेलं, कोण अंथरुणाला खिळलं, कोणाची पेन्शन कोणी लाटली. एकदा ती सांगत होती, की चहात साखर कमी आहे म्हटलं तर सून म्हणते, मावशी, तुम्हाला दिसत नाही, मग कळलं कसं? आता साखर काय मी डोळ्यांनी चाखते? वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तो ठसका पुढे महिनाभर गेला नाही, म्हणून आम्ही डॉक्टरकडे गेलो.

घशाचा कर्करोग होता. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टर पुष्कळ वेळ समजावत होते, की जीव वाचेल, गळ्याला श्वासासाठी एक छिद्र राहील, त्याची सवय होते. वन्संनी एवढंच विचारलं, की ऑपरेशनला किती दिवस आहेत. सोळा, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज रात्री वही लिहिते, तिच्यात त्या दिवशीची नोंद आहे: ‘परत येताना वन्सं रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडल्या. नेहमीपेक्षा जास्त.’

रुग्णालयातल्या स्पीच थेरपिस्टने त्यांना एक ॲप दाखवलं. मोबाईलच्या पडद्यावर चौकोन असतात. एकेका चौकोनात एकेक वाक्य आपल्याच आवाजात भरून ठेवायचं. नंतर चौकोन दाबला की फोन आपल्या आवाजात बोलतो. हे सगळं बोलणं थेरपिस्टबाई आणि वन्संमध्ये झालं तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत उभी होते. ते मला फार महागात पडलं.

घरी आल्यावर वन्सं कपड्यांच्या कपाटात बसल्या. अक्षरशः आत. खालचा कप्पा रिकामा करून, साड्यांच्या मध्ये, कारण तिथे आवाज घुमत नाही. रोज सकाळी दोन तास, असे नऊ दिवस. दाराची बेल वाजू नये म्हणून मी जिन्यात स्टूल टाकून बसायची. कागदावर त्यांनी चारशे बारा वाक्यं लिहून काढली होती. मला वाटलं होतं, पाणी दे, दुखतंय, डॉक्टरना बोलाव, अशी असतील. एकदा मी यादी वाचली. ‘हं, मग पुढे?’ ‘तुला कोणी सांगितलं?’ ‘जाऊ दे, तिची सवयच आहे ती.’ ‘अगं बाई, आणि नवरा गप्प बसला?’ ‘माझं काय, चाललंय.’ ‘डॉक्टरने जास्त बोलू नको म्हटलंय, तू बोल, मी ऐकतेय.’ नुसता ‘हं’ पाच प्रकारांनी. हसणं सात प्रकारांनी. आणि एक पान वेगळं, त्याला वर नाव दिलेलं नाही: ‘फार वाईट झालं ग. रडून घे. मी आहे फोनवर.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी वाक्यं डावीसाठी होती.

मी त्यांना म्हटलं, “वन्सं, सरळ सांगून टाका ना तिला. मैत्रीण आहे, समजून घेईल.”

त्या कपाटातून बाहेर येऊन पदर झटकत होत्या. आवाज आधीच घोगरा झाला होता. “तिने मला कधी पाहिलंय का, वहिनी? तिच्या लेखी मी म्हणजे हा घसा. तो काढून टाकला, तर मी तिला उरले किती? त्या परक्या गावात तिला आधीच सगळी माणसं भिंतीआडून बोलल्यासारखी वाटतात.” मग म्हणाल्या, “तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं.”

मी तोंड उघडलं नाही. चार वर्षं.

घसा धरलाय, दीड महिना फोनवर बोलायला मनाई आहे, असं वन्संनी डावीला आधीच सांगून ठेवलं होतं. ऑपरेशननंतर सहाव्या रविवारी अकराला फोन वाजला, आणि मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. डाव्या हातात रिसीव्हर, उजव्या हातात मोबाईल, त्याचा बोलणारा भाग रिसीव्हरच्या तोंडाशी टेकवलेला, आणि अंगठा चौकोनांवरून फिरतोय. एकतीस वर्षं बोर्डावर काम केलेली बोटं ती. चौकोन त्यांनी जुन्या बोर्डाच्या रांगांसारखेच लावले होते, त्यामुळे पाहावंही लागत नव्हतं. पलीकडे डावी बोलते, अलीकडे बोटं ‘हं, मग पुढे?’ म्हणतात. हसायची जागा आली की तिसऱ्या क्रमांकाचं हसू. डावी थोडा वेळ थांबली की ‘तू बोल, मी ऐकतेय’. आणि गळ्यावरच्या फडक्याआड वन्संचा खरा श्वास तेवढा वर-खाली होत असे.

आम्हा घरच्यांसाठी त्यांच्याकडे एक छोटी वही होती. काय हवं-नको ते लिहून दाखवायच्या. मी म्हणायची, आमच्याशीही त्या आवाजात बोला की कधी. तर एकच चौकोन माझ्यासाठी केलेला होता, तो दाबायच्या: ‘वहिनी, आवरलं का तुझं, की अजून लिहितेच आहेस?’ मी रात्री वही लिहायला बसले की हमखास.

डावीची थोरली बहीण गेली तो रविवार मला लख्ख आठवतो. रिसीव्हरमधून नुसतं रडणं येत होतं. वन्संनी ते नाव नसलेलं पान उघडलं. ‘फार वाईट झालं ग. रडून घे. मी आहे फोनवर.’ डावी अर्धा तास रडली आणि वन्सं मधूनमधून ‘हं’ दाबत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: ‘हे एक वाक्य वाया जावं असं वाटत होतं.’

आता मोबाईलचं सांगते. तो दर थोड्या दिवसांनी पडद्यावर एक पाटी दाखवायचा, की नवी आवृत्ती आली आहे, फोन अपडेट करा. खाली तीन पर्याय. आत्ता, आज रात्री, किंवा नंतर आठवण करा. वन्सं सकाळचा चहा संपला की चष्मा न लावताच ‘नंतर’ दाबायच्या. एकदा पाटी आली नाही तर त्यांनीच फोन इकडून तिकडून पाहिला. चार वर्षांत त्या मोबाईलची तीन मोठी अपडेटं येऊन गेली असतील. चौथं दारात उभं होतं.

घरोघरी यावर विनोद व्हायचे तसे आमच्याकडेही झाले. माझा मुलगा लांबून उंटावरून शेळ्या हाकायचा. व्हिडिओवर म्हणायचा, आत्या, या फोनला आता पेन्शन सुरू कर. त्यांनी वही कॅमेऱ्यासमोर धरली: ‘तुझ्या बापाला जन्मभर बदलता आलं नाही, फोनचं काय घेऊन बसलास?’ कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, बाई, अपडेट केलात तर पळायला लागेल. त्याला लिहून दिलं, ‘पळून जायचंय कुठे?’ लोक हसत, आणि हसण्यात प्रश्न विरून जाई. मी विचारलं तेव्हा मला फक्त ‘नको’ असं लिहून मिळालं. वन्संचा स्वभावच तसा. कारण द्यायचं म्हणजे त्यांना कोणीतरी झडती घेतल्यासारखं वाटे. मी मनात म्हटलं, झालं, लहान मूल काळोखाला भितं तशा या अपडेटला भितात. जो माणूस फोन जुना ठेवतो त्याला सगळे हट्टी म्हणतात. मीही त्यातलीच. त्या फोनच्या पोटात त्याने काय सांभाळलंय, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

त्या साली वन्संची वार्षिक तपासणी आली. आदल्या पंधरा दिवसांपासून त्यांना पुन्हा खोकला होता आणि मी रोज किती वेळा खोकल्या ते लिहून ठेवत होते. आकडे वाढत होते. रुग्णालयाने नेमकी त्याच महिन्यात नवी पद्धत काढली, की तपासणीची वेळ ॲपवरूनच घ्यायची. वन्संच्या मोबाईलवर ते ॲप उतरेना. फोनची आवृत्ती जुनी आहे, आधी अपडेट करा, असं सांगे. आम्ही खिडकीवर जाऊन आलो. खिडकीवरची मुलगी सभ्य होती, पण म्हणाली, ॲपवरूनच घ्या, आणि शुक्रवारच्या आत घ्या, नाहीतर पुढची वेळ अडीच महिन्यांनी. घरी येताना वन्संनी लिहिलं, ‘अडीच महिने काय, जातील.’ मला राग आला. मरणाची वेळ पुढे ढकलता येते का ‘नंतर’ दाबून?

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या खोकल्याचं औषध घेऊन झोपल्या होत्या. मोबाईल टेबलावर होता. तो उघडायचा आकडा मला ठाऊक होता, अडीअडचणीसाठी त्यांनीच सांगितला होता. मी चष्मा लावला. आमच्या शाळेत नन बायकांनी एक गोष्ट हाडात मुरवली होती, की न वाचता कशावर सही करायची नाही. मी त्या पाटीवरचा सगळा मजकूर दोनदा वाचला. तुमचे फोटो, तुमचे संपर्क आणि तुमची माहिती सुरक्षित राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ‘आत्ता’ दाबलं.

अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. मग रुग्णालयाचं ॲप मुकाट्याने उतरलं. एकोणीस तारखेची वेळ मिळाली, सकाळी दहा वीस. एखादा डोंगर चढून आल्यासारखं मला वाटलं. वन्सं उठल्या तेव्हा चहाबरोबर मी ते त्यांना दाखवलं, मोठ्या दिमाखात.

त्यांनी तारीख पाहिली नाही. पडद्याचा रंग बदललेला पाहिला. त्यांचा अंगठा त्या चौकोनांच्या ॲपकडे गेला. त्याचं चित्र करडं पडलं होतं. दाबल्यावर एक ओळ आली, की हे ॲप या आवृत्तीवर चालत नाही, ते बनवणाऱ्यांशी संपर्क साधा. त्यांनी पुन्हा दाबलं. मग फोन बंद करून सुरू केला, आणि पुन्हा दाबलं. असं त्यांनी किती वेळा केलं ते मी त्या दिवशी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. तो माणूस चांगला होता. तासभर खटपट करून म्हणाला, की मागे जाता येत नाही, आणि आवाज त्या ॲपच्या कुलपात आहेत. किल्ली ज्यांच्याकडे त्यांनाच विचारा. शनिवारी स्पीच थेरपिस्टकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की ते ॲप दोन भावांनी मिळून बनवलं होतं, त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ते काम बंद केलं, आणि फोन आहे तसाच ठेवा असं तिने वन्संना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वन्सं खिडकीबाहेर पाहत होत्या. थेरपिस्टने एक नवं ॲप दाखवलं. टाइप करा, ते वाचून दाखवतं. तिने टाइप केलं, ‘हं, मग पुढे?’ एका तरुण, शहाण्या बाईच्या आवाजात फोन म्हणाला, हं मग पुढे. बँकेत तुमचा क्रमांक पुकारावा तसं. वन्संनी मोबाईल उपडा ठेवला.

रात्री जेवणाच्या टेबलावर त्यांनी वही पुढे सरकवली.

‘वाचून दाबलंस?’

मी म्हटलं, “हो. सगळं. दोनदा.”

त्यांनी मान डोलावली आणि खाली लिहिलं, ‘मग तुझी चूक नाही.’ मी तिथेच रडले. त्यांनी माझं ताट उचलून आत नेलं.

रविवारी अकराला फोन वाजला. वन्संनी लिहून दिलं, ‘ताप आहे म्हण.’ मी म्हटलं. डावीने तापाची दहा कारणं आणि वीस उपाय सांगितले. पुढच्या रविवारी मी झोपल्या आहेत म्हणाले. डावी म्हणाली, “अकराला? ती? तिला नोकरीत डुलकीसुद्धा कधी आली नाही.” मी काहीतरी सारवासारव केली.

मधे एकोणीस तारीख होऊन गेली. तपासणी स्वच्छ आली. खोकला धुळीचा होता. निघताना मी खिडकीवरच्या त्या मुलीला सहज म्हटलं, की या वेळेसाठी आम्हाला फोन अपडेट करावा लागला. ती म्हणाली, “कशाला, आजी? तुमच्या फोनवरून घेतली असती तरी चाललं असतं. कोणाच्याही फोनवरून चालतं.” माझा फोन माझ्या पिशवीत होता. मुलाने आदल्याच वर्षी घेऊन दिलेला, कोरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वन्सं माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्या कोपराला धरून मला पायऱ्या उतरवल्या, एवढंच.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला तेव्हा वन्सं खुर्चीवरच होत्या. मी उचलला. डावी कधी नव्हे ती हळू बोलत होती.

“वहिनी, एक विचारते. ती गेली का?”

“नाही हो. असं काय बोलता?”

“मग तुम्ही मला तयार करताय. पहिल्यांदा ताप, मग झोप. माझी बहीण गेली तेव्हा भाच्याने असंच केलं होतं. आंधळ्या माणसाला हप्त्याहप्त्याने सांगतात सगळे.” आणि ती रडायला लागली.

वन्संनी वही माझ्या डोळ्यांसमोर धरली होती: ‘बाजारात गेलीये म्हण.’ मी ती वाचली. वन्सं मान हलवत होत्या, नको, नको. पलीकडे ती बाई जिवंत माणसासाठी रडत होती.

मी म्हटलं, “त्या आहेत. इथेच बसल्यात. पण त्यांना बोलता येत नाही. घशाचं ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. त्याला चार वर्षं झाली.”



“मग माझ्याशी कोण बोलत होतं?”

मी सांगितलं. कपाट, नऊ दिवस, चारशे बारा वाक्यं. त्यांनी किती जिवापाड केलं ते सांगितलं. आता ते बंद का पडलं, असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “बिघडलं. फोन जुना झाला होता.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. वही त्यांच्या हातातच होती. पण त्यांनी काही लिहिलं नाही.

डावीने विचारलं, “माझी बहीण गेली तेव्हा ती म्हणाली, रडून घे, मी आहे फोनवर. ते तिने कधी बोलून ठेवलं होतं?”

“ऑपरेशनच्या आधी.”

“म्हणजे माझी बहीण जिवंत होती तेव्हा.”

मी हो म्हटलं.

“चांगली हिंडतीफिरती होती ती तेव्हा. हिने तिच्या मरणाचं आधीच बोलून ठेवलं?” मग म्हणाली, “आंधळ्याला फसवायला अक्कल लागत नाही, वहिनी. कोणीही फसवतं. दुकानदार फसवतो, भाचा फसवतो. मला वाटायचं, एक उजवी तेवढी तसं करणार नाही.” आणि फोन ठेवला.

वन्संना शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यांचे कान शेवटपर्यंत ऑपरेटरचे होते. त्यांनी लिहिलं, ‘का सांगितलंस?’ मी म्हटलं, ती रडत होती, तुम्ही गेलात समजून. त्यांनी लिहिलं, ‘गेले असते तर तिला एकदाच रडावं लागलं असतं.’

पाच रविवार फोन आला नाही. पावणेअकराला वन्सं केस विंचरून खुर्चीवर येऊन बसत. साडेअकराला उठत. मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता काम करायची. सहाव्या रविवारी फोन वाजला आणि वन्संनी स्वतः उचलला. कानाला लावून तशाच बसल्या. पलीकडून दोनदा हॅलो आलं. मग डावी म्हणाली, “वहिनी आहेत का?”

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

डावीने तब्येत विचारली. “कशी आहे ती? जेवते का नीट? तिला सांगा, गळ्याला थंड वारं लागू देऊ नको.” मी वन्संना सांगितलं, जणू त्या दुसऱ्या खोलीत होत्या. वन्संनी लिहिलं, ‘तिला विचार, सून साखर घालते का आता.’ मी विचारलं. पूर्वी यावर वीस मिनिटं गेली असती. डावी म्हणाली, “घालते. बरी आहे ती.” दहा मिनिटांत फोन संपला.

पुढच्या रविवारी वन्संनी रिसीव्हरवर नखाने टकटक केलं, ऐकतेय असं कळवायला. डावी म्हणाली, “वहिनी, लाईनवर काहीतरी खडखडतंय.” मी म्हटलं, वन्सं आहेत, तुम्हाला हाक मारताहेत. “असं होय,” ती म्हणाली, आणि माझ्याशीच पुढे बोलू लागली. तिने राग धरला होता असं मला वाटत नाही. रागावली असती तर बरं होतं, भांडण तरी झालं असतं. ती आता आजारी माणसाविषयी बोलावं तसं बोलत होती, जपून, हळू. चार वर्षांच्या त्या खोट्या बोलण्यात वन्संना ती ‘मेले’, ‘भवाने’ म्हणायची. आता ‘ती’ म्हणायची. ‘तू’ एकदाही नाही.

असे सात-आठ रविवार गेले. मग एका रविवारी, मी डावीचं ऐकत असताना, वन्सं खुर्चीवरून उठल्या, पाण्याची झारी भरली आणि गच्चीवरच्या कुंड्यांकडे गेल्या. मी हातानेच विचारलं, कुठे? त्यांनी मला हाताने खूण केली, बोल तू. त्यानंतर अकरा वाजायच्या आधीच त्या खाली वर्तमानपत्र आणायला जात. वर्तमानपत्र आमच्या दारात सातलाच पडलेलं असे.

अपडेट झाल्यापासून चौदा महिन्यांनी, एका मंगळवारी पहाटे, झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं. कर्करोगाने नव्हे, तो गेला तो परत आलाच नाही. उशाशी वही होती. शेवटच्या पानावर इस्त्रीवाल्याकडे किती कपडे आहेत तेवढंच लिहिलेलं होतं. मी दुपारी डावीला कळवलं. ती मोठ्याने रडली नाही. म्हणाली, “मी रविवारी फोन करते.”

आणि तिने केला. तेव्हापासून दर रविवारी करते. आता ती माझ्याशी बोलते, पूर्वी त्यांच्याशी बोलायची तशी. भाचेसुनेवर पुन्हा रंगात आली आहे. मागच्या महिन्यापासून मला कधी कधी चुकून ‘अगं’ म्हणते. तासभर तरी फोन खाली ठेवत नाही. मी खुर्चीवर बसते, आणि खरं सांगते, पावणेअकरापासून बसते.

अधूनमधून उजवीचा विषय निघतो. मग डावी हटकून म्हणते, “काही म्हणा वहिनी, त्या घरात खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुम्ही नसतात तर मी आजही त्या फोनशीच बोलत बसले असते.”

ते बटण मी दाबलं, हे तिला माहीत नाही. फोन आपोआप बिघडला, असंच ती समजते. वन्संनी त्या दिवशी वही हातात असून लिहिलं नाही, आणि पुढेही कधी सांगितलं नाही. दर शनिवारी मी ठरवते, उद्या सांगून टाकायचं. आणि दर रविवारी ती बोलायला लागली की वाटतं, सांगितलं तर फोन ठेवेल. मग रविवारी अकरा वाजता फोन करायला तिला जगात कोणी उरणार नाही. आणि मलाही.